ज्यांची वाट पाहिली, त्यांचाच हिशोब : ग्नू ‘टाइम’ १.९ दीड वर्ष वापरल्यानंतर

बेळगावातल्या टिळकवाडीत आम्ही तिघे मिळून जुन्या छापील कागदांचे संगणकीकरण करतो. संस्थांची इतिवृत्ते, शाळांचे अहवाल, देवस्थानांच्या जमाखर्चाच्या पुस्तिका असा ऐवज लोक पिशव्यांत भरून आणतात. आम्ही त्यांची पाने स्कॅन करतो आणि टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीकडून त्यांतला मजकूर ओळखून घेतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि ती तारीख आमच्याकडे येणाऱ्या गठ्ठ्यांतही दिसते. तिच्या आधीच्या पानांवर मराठी अधिक असते, नंतरच्या पानांवर कन्नड वाढत जाते, आणि मधल्या काही वर्षांच्या पानांवर दोन्ही लिप्या एकमेकींना खेटून बसलेल्या असतात. अशा दुभाषी पानासाठी टेसरॅक्टला मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांची माहिती एकदम द्यावी लागते, आणि मग प्रोसेसर त्याच एका पानावर कितीतरी जास्त राबतो. दुभाषी पानाचा दर साध्या पानापेक्षा किती चढा असावा हे न्यायाने ठरवायचे, तर प्रोसेसर त्यावर नेमका किती राबला हे खात्रीने कळायला हवे. त्या गरजेपोटी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे ‘टाइम’ हे वेळ मोजणारे छोटे साधन आमच्या हाती आले. त्याची १.९ ही आवृत्ती आम्ही गेले दीड वर्ष रोज वापरतो आहोत, आणि त्याचे गुण आणि त्याची मर्यादा दोन्ही आता पुरेशी कळली आहेत असे वाटते.

हे साधन हाती येण्यापूर्वी आमची एक चूक झाली. आमचा मूळ प्रोग्राम पायथनमध्ये लिहिलेला आहे आणि तो स्वतः फारसे काही करत नाही. पीडीएफमधून पानांच्या प्रतिमा काढायला एक प्रोग्राम, त्या सरळ आणि स्वच्छ करायला दुसरा, मजकूर ओळखायला टेसरॅक्ट, अशी कामे तो इतरांना वाटून देतो आणि त्यांचे आटोपले की पुढचे पान हाती घेतो. हे सगळे इतर प्रोग्राम त्याच्या चाइल्ड प्रोसेस असतात, म्हणजे त्याने जन्माला घातलेल्या स्वतंत्र प्रोसेस; प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्राम. आम्ही मात्र पायथनमधल्याच ‘प्रोसेस-टाइम’ या फंक्शनवर विसंबलो, आणि ज्या कामाने दुपारभर पंखा घरघरत ठेवला त्याला त्याने काही सेकंदच दाखवले. त्या आकड्यांवर आम्ही दरपत्रक बसवले. पुढे ते दुरुस्त करावे लागले, तेव्हा निपाणीहून आलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी अगदी शांतपणे विचारले, “मॅडम, मागच्या खेपेला बी एवढीच पानं होती की ओ, मग ह्या खेपेला बिल जास्त कसं?” त्यांना पटेल असे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि ती गोष्ट मला अजून लागते. दोष त्या फंक्शनचा नव्हता. ते चालू प्रोसेसचाच वेळ सांगते, तिच्या मुलांचा सांगत नाही. मुलांचा हवा असेल तर पायथनमध्ये ‘ओएस-टाइम्स’ किंवा ‘रिसोर्स’ या मॉड्यूलकडे जावे लागते. सी भाषेतले ‘क्लॉक’ हे फंक्शनही लिनक्स या आमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर मुलांना धरत नाही. ज्या कोणाचा प्रोग्राम इतर प्रोग्रामांकडून काम करून घेतो, त्याने ही गोष्ट पहिल्या दिवशीच ध्यानात घ्यावी.

ग्नू ‘टाइम’ वापरायला अतिशय सोपे आहे. जो हुकूम चालवायचा त्याच्या आधी त्याचे नाव लिहायचे. काम संपले की ते तीन मुख्य आकडे देते. एक भिंतीवरच्या घड्याळाचा, म्हणजे काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत गेलेला वेळ. दुसरा ‘यूझर’, म्हणजे प्रोसेसरने प्रोग्रामच्या स्वतःच्या सूचना पाळण्यात घालवलेला वेळ. तिसरा ‘सिस्टिम’, म्हणजे त्या प्रोग्रामच्या वतीने कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, फायली वाचणे, स्मृती देणे, नव्या प्रोसेस उभ्या करणे यांसाठी खर्चलेला वेळ. यूझर आणि सिस्टिम या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे प्रोसेसरचा एकूण वेळ, आणि आमच्या धंद्यात तीच महत्त्वाची. ‘व्ही’ हा पर्याय दिला की आणखी वीसेक ओळी मिळतात. ‘एफ’ दिला की आपल्याला हवे तेवढेच आकडे हव्या त्या क्रमाने छापता येतात. ‘ओ’ आणि ‘ए’ हे दोन पर्याय एकत्र दिले की प्रत्येक कामाची नोंद एका फायलीच्या शेवटी जोडली जाते. हे शेवटचे दोन पर्याय आम्हाला सर्वांत उपयोगी पडले, कारण ते न दिल्यास साधन आपले आकडे त्रुटी-संदेशांसाठी असलेल्या वेगळ्या प्रवाहात लिहिते, आणि टेसरॅक्टही आपल्या सूचना तिथेच लिहीत असल्यामुळे दोन्हींची सरमिसळ होते.

एखाद्या मापावर विश्वास ठेवण्यापूर्वी ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे काहीतरी त्याने मोजून पाहावे, असे मला वाटते. धान्याच्या दुकानात नवा काटा आला की आधी त्यावर किलोचे वजन ठेवून बघतात, तसेच हे. आमच्या यंत्रात चार कोअर, म्हणजे प्रोसेसरचे एकाच वेळी स्वतंत्रपणे राबणारे चार भाग, आहेत. आधी आम्ही ५ सेकंद नुसते झोपून राहणारा हुकूम मोजला: घड्याळाचा वेळ ५ सेकंद, प्रोसेसरचा वेळ शून्य. बरोबर. मग काहीही न करता गरगर फिरत राहणारे एक आवर्तन (लूप) घेतले, त्याला १० सेकंदांनी थांबवण्यासाठी ‘टाइमआउट’ची मर्यादा घातली, आणि अशी चार आवर्तने एका शेलमधून, म्हणजे हुकूम वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममधून, एकदम सोडून शेवटी त्या शेलला ‘वेट’ करायला, म्हणजे चौघांची वाट पाहायला, सांगितले. घड्याळाचा वेळ १० सेकंद, यूझर वेळ ४० सेकंदांच्या अगदी जवळ, आणि टक्केवारीच्या रकान्यात जवळपास ४००. चारही आवर्तने एकाच कोअरवर बांधून ठेवली तेव्हा घड्याळ १० सेकंदच म्हणाले, पण प्रोसेसरचा वेळही १० वर आला, कारण चौघांनी तो एक कोअर वाटून घेतला होता. इथे ‘टाइम’चे थेट मूल एकच, तो शेल. शेलची मुले चार ‘टाइमआउट’, आणि त्यांची मुले चार आवर्तने, म्हणजे आपल्या साधनाची पणतवंडेच. त्यांचाही वेळ इमानाने वर आला. हे पाहून आम्हाला फार समाधान वाटले.

पण याच चाचणीत एक शब्द बदलला की सगळे उलटते. शेलच्या शेवटचा ‘वेट’ काढून टाका आणि पुन्हा चालवा. चारही आवर्तने पूर्वीसारखीच १० सेकंद राबतात, पंखा तसाच घरघरतो, आणि ‘टाइम’ मात्र क्षणार्धात परत येऊन सांगते की घड्याळाचा वेळ शून्य आणि प्रोसेसरचा वेळही शून्य.

याचे कारण साधनात नाही, लिनक्स ज्या परंपरेतले आहे त्या युनिक्सच्या हिशोबाच्या पद्धतीत आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. चिकोडीकडच्या ऊसपट्ट्यात वाढलेल्या माणसाला ती मुकादमाच्या उदाहरणाने चटकन कळेल. मालक टोळीतल्या प्रत्येक तोडकऱ्याला ओळखत नाही. तो मुकादमाला ओळखतो. मुकादमाने आपल्या टोळीची हजेरी घेतली आणि तो बेरीज घेऊन मालकाकडे गेला, तरच ती मालकाच्या वहीत चढते. कर्नल अगदी तसेच करते. एखादी प्रोसेस संपली की तिचा वेळ लगेच कोणाच्या खात्यात जात नाही. ती ‘झॉम्बी’ अवस्थेत, आपला हिशोब हातात धरून थांबते. तिच्या पालकाने ‘वेट’ किंवा त्याच कुळातला दुसरा सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलकडे केलेली विनंती, केला, की तिचा स्वतःचा वेळ आणि तिने आपल्या मुलांकडून गोळा केलेला वेळ, दोन्ही मिळून पालकाच्या ‘मुलांचा वेळ’ या खात्यात जमा होतात. ‘गेट-आर-यूसेज’ या सिस्टिम कॉलला मुलांविषयी विचारले की तो हेच खाते वाचून दाखवतो, आणि ‘टाइम्स’ हा सिस्टिम कॉलही तेच करतो. म्हणून नातवंडांचा वेळ आजोबांपर्यंत पोचायचा असेल तर मधल्या प्रत्येक पिढीने आपल्या मुलांची वाट पाहिलेली असली पाहिजे. मधला एक दुवा हजेरी न घेता निघून गेला, किंवा कोणी त्याला मधेच मारले, तर त्याच्या खालच्या सगळ्यांचा वेळ या वहीत कधीच चढत नाही; ती पोरकी मुले मूळ ‘इनिट’ प्रोसेसकडे दत्तक जातात आणि त्यांचा हिशोबही तिकडेच जातो.

आणखी एक चोरवाट आहे. एखाद्या प्रोग्रामने ‘सिग-चाइल्ड’ हा, मूल संपल्याची खबर देणारा, संकेत दुर्लक्षित करायचे ठरवले, तर त्याची मुले संपताच कर्नल त्यांना परस्पर निकालात काढते आणि त्यांचा वेळ कोणत्याच पालकाच्या खात्यात पडत नाही. लिनक्सच्या २.६.९ या आवृत्तीपूर्वी असा वेळ पालकाच्या खात्यात धरला जात असे, पण युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स या मानकाने ते स्पष्टपणे नाकारलेले असल्यामुळे २.६.९ पासून ते बंद झाले. जुन्या माहितीवर विसंबून राहणाऱ्याची इथे फसगत होऊ शकते.

आमच्या रोजच्या कामात हे सगळे आड आले का? नाही, कारण आमचा पायथन प्रोग्राम प्रत्येक चाइल्ड प्रोसेस संपेपर्यंत थांबतो, आणि टेसरॅक्ट नव्या प्रोसेस न काढता एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे समांतर धागे, चालवतो. थ्रेडचा वेळ त्या प्रोसेसच्याच खात्यात जातो, त्यासाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही. याच थ्रेडच्या बाबतीत ‘टाइम’ने आम्हाला जे दाखवले, त्या एका गोष्टीने त्याचे सगळे मोल वसूल झाले असे मी म्हणेन, जरी साधन फुकट असले तरी.

झाले असे. टेसरॅक्ट ओपन-एमपी या, काम थ्रेडांत वाटून देणाऱ्या, सोयीच्या आधारे एका पानासाठी चारपर्यंत थ्रेड वापरतो. आम्ही त्याच्या चार प्रती एकदम चालवत होतो, चार कोअरवर चार पाने, असा सरळ विचार करून. पण प्रत्यक्षात चार कोअरवर सोळा थ्रेड भांडत होते. घड्याळाकडे पाहून हे कळण्याजोगे नव्हते. काम चालू होते आणि सगळे कोअर शंभर टक्के भरलेले दिसत होते, तेव्हा यंत्राची पुरी वसुली होते आहे असेच आम्ही समजत होतो. ‘टाइम’च्या नोंदवहीत मात्र एकेका पानाचा यूझर वेळ ते पान एकट्याने चालवले असता लागणाऱ्या वेळापेक्षा बराच फुगलेला दिसू लागला. थ्रेड एकमेकांसाठी थांबताना नुसते थांबत नाहीत, काही काळ जागच्या जागी घिरट्या घालत राहतात, आणि त्या घिरट्याही प्रोसेसरच्या वेळात मोजल्या जातात. शिवाय ‘व्ही’ पर्यायात इच्छेविरुद्ध झालेल्या कॉन्टेक्स्ट स्विचची, म्हणजे प्रोसेसर मधेच काढून दुसऱ्याला दिल्याच्या वेळांची, ओळ असते, ती संख्या पाहूनच शंका यायला हवी होती. खानापूरच्या माझ्या सहकारिणीने ओपन-एमपीची थ्रेड-मर्यादा ठरवणारा पर्यावरणचल, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून दिली जाणारी सेटिंग, १ वर आणला. एका प्रतीला एकच थ्रेड, एकदम चार प्रती. प्रति-पान प्रोसेसर वेळ खाली आला, आणि पूर्ण गठ्ठ्याला लागणारा घड्याळाचा वेळही खाली आला. आमचे वीजबिल आणि दरपत्रक दोन्ही त्या दिवसापासून बदलले, आणि निपाणीच्या त्या गृहस्थांना मी स्वतः फोन करून नवा दर समजावून सांगितला.

आता ‘बॅश’ या शेलमध्येच असलेल्या ‘टाइम’विषयी, कारण पुष्कळांना ही दोन वेगळी साधने आहेत हेच ठाऊक नसते. बॅशमध्ये नुसते ‘टाइम’ लिहिले तर शेलचा स्वतःचा शब्द चालतो, ग्नूचे साधन नव्हे. ते हवे असेल तर त्याचा पूर्ण मार्ग लिहावा लागतो, किंवा शब्दाआधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. लिनक्सच्या वितरणानुसार (डिस्ट्रिब्यूशननुसार) ग्नूचे साधन मुळात बसवलेले नसण्याचीही शक्यता असते, तेव्हा ‘व्ही’ पर्याय दिल्यावर त्रुटी आली तर आधी हेच तपासावे. बॅशच्या शब्दाला एक मोठा फायदा आहे: पाइपने जोडलेल्या हुकमांची सबंध साखळी तो एकत्र मोजतो, तर ग्नूचे साधन साखळीतल्या आपल्या पुढच्या एकाच हुकमाला मोजते. शेलमध्ये लिहिलेली फंक्शनेही त्यालाच मोजता येतात. आकडे तो सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत देतो, ग्नूचे साधन शंभराव्या भागापर्यंतच. पण स्मृती, पेज फॉल्ट, कॉन्टेक्स्ट स्विच यांपैकी काहीच तो सांगत नाही, आणि नोंद थेट फायलीत जोडण्याची सोयही त्यात नाही. वाट न पाहिलेल्या मुलांच्या बाबतीत दोघेही सारखेच आंधळे आहेत.

‘पर्फ स्टॅट’ हे लिनक्सचे साधन याहून पुष्कळ खोल जाते. ते प्रोसेसरमधल्या काउंटरना, म्हणजे मोजणी करणाऱ्या भागांना, हात घालते, आणि नव्या जन्मणाऱ्या चाइल्ड प्रोसेसना ती मोजणी वारशाने मिळते. त्यामुळे कोणी वाट पाहो न पाहो, मुख्य हुकूम संपेपर्यंतचे त्यांचे काम ‘टास्क-क्लॉक’ या ओळीत धरले जाते. मात्र त्याच अहवालाच्या तळाशी यूझर आणि सिस्टिम सेकंदांच्या ज्या दोन ओळी येतात, त्या ‘वेट’च्या कुळातल्या ‘वेट-फोर’ने आणलेल्या जुन्याच वहीतल्या असतात. म्हणून एकाच अहवालात वरचा आणि खालचा आकडा जुळत नसेल, तर गोंधळून जाण्याऐवजी कोणते मूल हजेरीतून सुटले ते शोधावे. निदान म्हणून ती विसंगती फार उपयोगी आहे. अडचण अशी की अनेक वितरणांत सामान्य वापरकर्त्याला त्याची पूर्ण परवानगी नसते, आणि ते कर्नलच्या आवृत्तीशी बांधलेले असल्यामुळे कर्नल बदलला की पुन्हा बसवावे लागते. रोजच्या नोंदीसाठी आम्ही ते ठेवले नाही.

हिशोब कोणालाही सुटू द्यायचा नसेल, तर सी-ग्रुपचा मार्ग सर्वांत भरवशाचा. सी-ग्रुप म्हणजे कर्नलने प्रोसेसभोवती आखलेले कुंपण. त्या कुंपणात जन्मलेली प्रत्येक प्रोसेस, तिची मुले, नातवंडे, सोडून दिलेली पोरकी मुले, सगळी कुंपणातच राहतात, आणि त्यांचा वेळ नात्यागोत्यांवरून न मोजता कुंपणावरून मोजला जातो. दुसऱ्या आवृत्तीच्या सी-ग्रुपमध्ये ‘सीपीयू-स्टॅट’ नावाच्या फायलीत एकूण, यूझर आणि सिस्टिम वेळ मायक्रोसेकंदांत मिळतो, तोही काम चालू असताना. लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीचे ‘सिस्टिमडी-रन’ वापरून असे कुंपण एका ओळीत घालता येते, आणि त्याला ‘वेट’ हा पर्याय दिला की शेवटी प्रोसेसरचा एकूण वेळ छापून मिळतो. पण आमची शून्य उत्तराची चाचणी या मार्गाने चालवली तेव्हा एक धडा मिळाला. साध्या सेवेच्या रूपात काम चालवले तर मुख्य प्रोसेस संपताच सिस्टिमडी कुंपणातल्या उरलेल्या सगळ्यांना मारून टाकते. म्हणजे मोजमाप बरोबर येते, पण कामच अर्धवट राहते. ते टाळायचे असेल तर ‘स्कोप’ हा प्रकार घ्यावा, किंवा सिस्टिमडीच्या २५० किंवा त्यापुढच्या आवृत्तीत सेवा कधी संपली असे मानायचे ते ठरवणारा ‘एक्झिट-टाइप’ सी-ग्रुपवर ठेवावा. गोकाकचा आमचा सहकारी आठवड्यातून एकदा पूर्ण गठ्ठा या मार्गाने चालवतो, आणि त्याचा आकडा ‘टाइम’च्या आकड्यांच्या बेरजेशी ताडून पाहतो. दोन्ही जुळले की नोंदवहीवर सही होते.

चालू कामाकडे नुसती नजर टाकायची असेल तर चालू प्रोसेसची यादी दाखवणारे ‘टॉप’ पुरते. त्यात मोठे ‘एस’ दाबले की संपलेल्या मुलांचा वेळही पालकाच्या ओळीत मिळवून दाखवला जातो. तिथेही नियम वाट पाहण्याचाच.

ग्नू ‘टाइम’च्या ज्या गोष्टी मला खटकतात, त्यांत पहिली त्या ‘व्ही’ पर्यायातल्या शून्यांची. सरासरी सामायिक मजकूर, सरासरी स्टॅक, स्वॅप, सॉकेटवरून गेलेले संदेश, अशा कितीतरी ओळी लिनक्सवर नेहमी शून्यच येतात, कारण कर्नल ते रकाने भरतच नाही. न मोजलेली गोष्ट आणि मोजून शून्य आलेली गोष्ट यांत हे साधन काही फरक दाखवत नाही, आणि नवशिक्याची त्यामुळे दिशाभूल होते. दुसरी गोष्ट जुन्या आवृत्तीची. १९९६ सालची १.७ ही आवृत्ती वर्षानुवर्षे चालत राहिली, आणि तिच्यात लिनक्सवर कमाल स्मृतीचा आकडा खऱ्याच्या चौपट येत असे; १.८ पासून तो दोष गेला. जुन्या यंत्रावर बसलेल्यांनी आवृत्ती पाहूनच त्या ओळीवर विश्वास ठेवावा. त्याच ओळीचा आणखी एक अर्थ नीट समजून घ्यायला हवा: अनेक मुले असली तर ती त्यांच्या स्मृतीची बेरीज नसते, सर्वांत मोठ्या एका प्रोसेसचा आकडा असतो. वेळाची बेरीज होते, स्मृतीची होत नाही.

यूझर आणि सिस्टिम यांच्यातल्या वाटणीवरही फार बारीक निष्कर्ष काढू नयेत. बहुतेक कर्नलमध्ये एकूण वेळ शेड्यूलर, म्हणजे प्रोसेसरची पाळी वाटून देणारा भाग, अचूक मोजतो, पण त्याची यूझर आणि सिस्टिम अशी फोड घड्याळाच्या ठरावीक ठोक्यांना प्रोसेसर कुठे सापडला यावरून, म्हणजे नमुन्यावरून, केली जाते. छोट्या कामात ती फोड एका खेपेहून दुसऱ्या खेपेला बदलते. बेरीज मात्र टिकते, म्हणून आम्ही बेरीजच लिहितो.

प्रोसेसरचा सेकंद हे कामाचे पक्के माप आहे असे मात्र कोणी समजू नये. यात साधनाचा काही दोष नाही, पण परीक्षणात हे सांगितलेच पाहिजे. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली की आमचा लॅपटॉप बॅटरीवर येतो, प्रोसेसर आपला वेग कमी करतो, आणि तेच पान ओळखायला त्याला जास्त सेकंद लागतात. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात यंत्र तापले तरीही तेच होते. एका कोअरमध्ये दोन थ्रेड चालवणाऱ्या प्रोसेसरवर तर कर्नल दोन्ही बाजू पूर्ण प्रोसेसर म्हणून मोजते, त्यामुळे दोनच खरे कोअर असलेल्या यंत्रावरही आमची चार आवर्तनांची चाचणी ४० सेकंदच दाखवेल, जरी प्रत्यक्ष काम त्या प्रमाणात झालेले नसेल. म्हणून नोंदवहीत आम्ही आकड्याशेजारी यंत्र कोणते, वीज मुख्य वाहिनीची की बॅटरीची, आणि एकदम किती प्रती चालू होत्या, एवढे तीन रकाने हाताने भरतो. दराचा आधार म्हणून केवळ मुख्य विजेवर, टेबलावरच्या एकाच यंत्रावर केलेली मोजणी धरतो. ज्यांना याहून स्थिर माप हवे त्यांनी पर्फने दाखवलेली पार पडलेल्या सूचनांची संख्या पाहावी. ती वेगावर अवलंबून नसते.

पुढच्या आवृत्तीकडून माझी एकच मागणी आहे. लिनक्सच्या ३.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, एखादी प्रोसेस कर्नलला सांगू शकते की माझ्या वंशातली पोरकी मुले इनिटकडे न देता माझ्याकडे द्या. याला ‘सब-रीपर’ म्हणतात. ‘टाइम’ने एखाद्या ऐच्छिक पर्यायाखाली हे केले, तर सुटलेल्या नातवंडांची हजेरी ते स्वतः घेऊ शकेल, आणि निदान ‘तुमच्या काही प्रोसेस अजून चालू आहेत’ असा इशारा तरी देऊ शकेल. गोकाकच्या सहकाऱ्याने ही कल्पना सी भाषेतल्या एका छोट्या प्रोग्राममध्ये उतरवून पाहिली. तो आधी स्वतःला सब-रीपर म्हणून नोंदवतो, हुकूम चालवतो, आणि वाट पाहण्याजोगे एकही मूल उरत नाही तोपर्यंत वाट पाहत राहतो. मग मुलांच्या खात्यातला आकडा छापतो. ‘वेट’ नसलेली तीच चाचणी त्यावर चालवली, तेव्हा शून्याच्या जागी १० सेकंद घड्याळाचे आणि जवळपास ४० सेकंद प्रोसेसरचे आले. कायम चालत राहणारी सेवा त्याच्या हाती दिली तर तो कधीच परत येणार नाही, आणि सिग-चाइल्ड दुर्लक्षित करणाऱ्या पालकाची मुले त्यालाही सापडत नाहीत, तिथे सी-ग्रुपच हवा. गठ्ठ्यांच्या कामासाठी आता नोंदवहीतला पहिला रकाना आम्ही त्याच्याकडूनच भरून घेतो, दुसरा ग्नू ‘टाइम’कडून, आणि दोहोंत फरक दिसला की त्या दिवशीचे बिल थांबवून आधी हरवलेले मूल शोधतो.